डोसाची पट्टी

माझ्या बायकोच्या उजव्या बरगडीखाली वीतभर लांब, तिरका व्रण आहे. मी तो नीट असा एकदाच पाहिला, टाके काढले त्या दिवशी. पुढे पाहायचं टाळलं. ते का, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिला एक गोष्ट सांगितली ती मात्र चारचौघांत, म्हणजे ज्या तऱ्हेनं सांगायला नको होती त्याच तऱ्हेनं.

मी लालबागला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. आता सगळ्या गोळ्या पाकिटातून येतात, तेव्हा मिक्श्चरचा जमाना होता. मोठ्या बरण्यांतून मापून घ्यायचं, पाणी घालून बाटली भरायची आणि बाटलीच्या अंगावर कागदाची पट्टी चिकटवायची. पट्टीची घडी घालून कात्रीनं कडा कातरल्या की उलगडल्यावर सारख्या अंतरावर खाचा पडत. एक खाच म्हणजे एक डोस. गिरणीतल्या माणसाला अक्षर येत नसलं तरी खाच कळायची. माझ्या पट्ट्या इतक्या सारख्या असत की डॉक्टरही बघून मान हलवत. चाळीत मला 'अर्धे डॉक्टर' म्हणायचे. वरवर मी नको नको म्हणायचो, पण मनातून ते मला आवडायचं.

बायकोला पित्ताच्या खड्यांचा त्रास होता. परळच्या मोठ्या इस्पितळात पित्ताशयच काढून टाकलं. काढलेले खडे त्यांनी एका लहान बाटलीत घालून दिले. माझ्या आईनं ती बाटली देवाच्या फळीशेजारी मांडली. भेटायला येणाऱ्या बाईला आधी बाटली दाखवायची, मग चहा.

दोनेक महिने बरे गेले. मग एके दुपारी जेवण झाल्यावर तासाभरानं बायको मोरीच्या भिंतीला टेकून खाली बसली. पुढे वाकलेली, मूठ बरगडीखाली दाबलेली.

"काय गं?"

"तिथंच दुखतंय. पूर्वीसारखंच."

"अगं, पिशवीच काढली. आता दुखायला आहे काय तिथं?"

"ते मला काय ठाऊक? दुखतंय एवढं ठाऊक."

आई तांदूळ निवडत होती. "खडे हय बाटलयेत, आणि दुखता थय पोटात!" ती म्हणाली. "नवलच ता."

मी हसलो. हसायला नको होतं.

इस्पितळात परत नेलं. त्यांनी तपासलं, फोटो काढला, रक्त घेतलं. काही सापडलं नाही. तेलकट-तुपकट देऊ नका म्हणाले. आमच्याकडे तेलकट-तुपकट होतं कुठे? तरी तिनं आमटीची फोडणीसुद्धा सोडली. दुखणं काही तिला सोडेना. दुपारी यायचं, संध्याकाळी यायचं, चार दिवस दडी मारून पाचव्या दिवशी यायचं.

शेवटी मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी प्रिस्क्रिप्शनवरून डोळेही वर केले नाहीत. "मन रमत नाही रे बायकांचं. पेपरमिंटचं पाणी दे, थोडा लाल रंग घालून. बरं वाटेल."

मी दिलं. आठ डोसांची बाटली, पट्टी सुबक कातरलेली. "नवीन औषध आहे," म्हणालो.

आणि तिला बरं वाटलं. खरंच वाटलं. "आज निम्मं आहे हो," असं संध्याकाळी म्हणायची. एक दिवस तिनं चुलीपाशी भाकरी थापता थापता गुणगुणायला सुरुवात केली, तेव्हा आईनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. तीन आठवडे असे गेले, तीन बाटल्या झाल्या. मला आनंद व्हायला हवा होता. मी मनाशी ठरवून टाकलं की पाण्यानं जातं ते दुखणं खोटं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. मोर्चे निघायचे, लाठ्या चालायच्या, आणि डोकी फुटलेली पोरं आमच्या दवाखान्याच्या बाकावर येऊन बसायची. मी त्यांच्या जखमा धुवायचो, पट्ट्या बांधायचो. खरंच दुखतंय का, असं मी त्यांतल्या एकालाही विचारलं नाही. रक्त समोर दिसत होतं.

त्या संध्याकाळी सभा होती. आमच्या गॅलरीतले सगळे एकत्र निघणार होते. शेजारचा जॉबर, गिरणीतला मुकादम, दारात येऊन उभा होता. "चला अर्धे डॉक्टर, पुढची जागा गेली की मग माणसांच्या पाठी बघत बसाल!"

बायको भिंतीला टेकली होती. कपाळावर घाम. "आज नका जाऊ," ती हळूच म्हणाली. "फार आहे."

"औषध घे."

"संपलं सकाळीच. जायच्या आधी तेवढी बाटली भरून आणा ना."

दवाखाना दोन गल्ल्यांवर. दहा मिनिटांचं काम. पण जॉबर बघत होता, आई बघत होती, आणि मला तिची लाज वाटली. हो, लाजच.

"अगं, कसलं औषध?" मी म्हणालो. "पाणी होतं ते. पेपरमिंट आणि रंग. त्यानं तुला बरं वाटत होतं, यावरून काय ते समज."

आई फिस्सकन हसली. जॉबर चपलेकडे बघू लागला. बायको भिंतीचा आधार घेत उठली, रिकामी बाटली मोरीत नेली आणि नळाखाली धरून नखानं पट्टी खरवडू लागली. खळ पक्की होती, निघेना. ती खरवडत राहिली. मी सभेला गेलो. घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या.

दुसऱ्या दिवशी मी बाटली भरून आणली. तिनं घेतली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर घेतली, आणि काही झालं नाही. ते पाणी आता पाणीच झालं होतं. जगात तिच्याजवळ तेवढा एक उतारा होता, तो मी चारचौघांत काढून घेतला.

तिनं दुखणं बोलायचंच सोडलं. जेवण झालं की गॅलरीच्या टोकाला जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहायची, कपडे वाळत घालत असल्यासारखी. हातात कपडा नसायचा. कोपर आत वळलेलं दिसायचं, त्यावरून मूठ कुठे आहे ते मला कळायचं. कळायचं, आणि मी खाली बघून जेवत राहायचो. जाऊन काय म्हणणार होतो?

महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीवर दिव्यांच्या माळा लागल्या. पेढे तिनंच वाटले. "वहिनी, तुम्ही घ्या की एक! आता तर मिळाला!" जॉबर म्हणाला. "नंतर खाते," ती म्हणाली. तो पेढा दोन दिवस वाटीत होता. मग मुंग्या लागल्या.

खूप वर्षांनी एका तरुण डॉक्टरांनी तिची सगळी हकीकत ऐकून घेतली. पित्ताशय काढल्यावरही काहींना अशी कळ येत राहते, म्हणाले. नळीचं तोंड आवळतं. मनाचा खेळ नव्हे. मी इलाज विचारला. त्यांनी गोळ्या दिल्या. त्यांचा थोडा उपयोग झाला, फार नाही. घरी येताना मी तिला म्हटलं, "ऐकलंस ना? खरं असतं म्हणाले."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली, आणि भाजीवालीशी भाव करायला थांबली.

गेल्या महिन्यात कळ फार जोरात आली. गोळी घेऊनही थांबेना. मी पाणी देऊ का, शेक देऊ का, करत नुसता भोवती फिरत होतो. एकदम ती म्हणाली, "तुमचं ते लाल पाणी करता येईल?"

मी केलं. पट्टी कातरली. हात आता थरथरतो, खाचा लहानमोठ्या पडल्या. तिनं एक डोस घेतला. मी समोर बसून राहिलो.

"वाटतंय का काही?"

"नाही हो."

मी बाटली उचलू लागलो, तर म्हणाली, "असू दे. तिथंच ठेवा."

सकाळी पाहिलं तर पाणी आणखी दोन खाचा खाली उतरलं होतं.