डबीतला चिखल

दुकानात आले की ते आधी काउंटरवर डबी ठेवायचे, मग चपला काढायचे आणि काय काम आहे ते सगळ्यात शेवटी सांगायचे. डबी स्टीलची, प्रवासात लोणचं नेतात तेवढी. झाकण उघडून ती माझ्या नाकाकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "आधी वास घे, मंग बोल."

डबीत चिखल असायचा. त्यांच्या स्वतःच्या बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला.

मी वास घ्यायचो. "येते का?" ते विचारायचे. "येते ना साहेब," मी म्हणायचो. आता ते नाहीत, तेव्हा कबूल करून टाकतो की ते असेपर्यंत मला कधीही काहीही वास आला नाही. झेरॉक्सच्या शाईत आणि गरम कागदात दिवस काढणाऱ्याचं नाक ते काय! पण समोर डोळे बारीक करून उभा राहिलेला माणूस, त्यात वयानं मोठा. 'नाही' म्हणायची हिंमत झाली नाही, आणि एकदा 'येते' म्हटल्यावर ते पुढे वीस वर्षं म्हणत राहावं लागलं.

गोरेगावात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. अशा दुकानात कोण काय मागतो ते तुम्हालाही ठाऊक असेल. कुणाला सातबारा हवा, कुणाला दाखला, कुणाला नुसता पंखा. त्यांना हवं असायचं निवेदन. रस्त्याकडेचा मोह तोडला, निवेदन. बोडीत, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यात, कुणी माती भरली, निवेदन. तलावात विषारी पूड टाकून मासे मारले, तर दोन निवेदनं, एक इकडे आणि एक तिकडे. ते उभ्यानं सांगायचे, मी टाइप करायचो.

भाषा त्यांची तिखट. "लिही, या नालायक खात्याले लाज वाटाले पाहिजे." मी टाइप करायचो, 'संबंधित खात्याने कृपया गांभीर्याने विचार करावा.' ते चष्मा लावून सगळं वाचायचे, त्या ओळीशी थांबायचे आणि माझ्याकडे बघायचे.

"हे म्या सांगलो होतो का?"

"अर्थ तोच आहे साहेब."

"तुह्या अर्थाले मीठ नाही," म्हणत ते सही करायचे. पण करायचे.

हिवाळ्यात नागपूरकडची मंडळी मोठमोठे कॅमेरे घेऊन सारस बघायला येतात. कुणीतरी त्यांना साहेबांचं नाव सांगायचं. साहेब त्यांना बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, अर्धा तास चालवायचे, एका बिळापाशी बसायला लावायचे आणि आतून खेकडा काढून त्यांच्या समोर धरायचे. "सारस पाहाले आले ना? आधी त्याचं जेवण पाहा." मंडळी हिरमुसायची. एका बाईंच्या पांढऱ्या बुटावर तो खेकडा चढला तेव्हा साहेब इतके हसले, की त्यांना धुऱ्यावर बसावं लागलं. तो किस्सा त्यांनी मला निदान पाच वेळा सांगितला, आणि दर वेळी बूट जास्त पांढरे होत गेले.

लोक त्यांना मागून 'वासवाले साहेब' म्हणत. साहेब का, तर ते कृषी सहायक म्हणून निवृत्त झालेले. नोकरीची गोष्ट मात्र ते काढत नसत. एका दुपारी लाइट गेली, अर्धं निवेदन प्रिंटरात अडकलं, आणि काम नसल्यामुळे आम्ही दोघं बोलत बसलो. तेव्हा ते म्हणाले, "बाबू, या भागात फवारणी कोनं शिकोली, माहीत आहे का तुले?"

"कोणी?"

"म्या. पाठीवर पंप घेऊन गावोगाव फिरलो. लोक नाही म्हणत होते, बुढ्या बाया भांडत होत्या. मी म्हणलो, काही होत नाही, सरकारचं औषध आहे. एका डब्यात धान कसा हिरवागार होते, पाहा. झाला हिरवागार." मग बराच वेळ ते डबीचं झाकण लावत आणि काढत बसले. "खेकडे कमी झाले तेव्हा मी बदलीवर गेल्तो. पाहाले नव्हतो."

त्या दिवसापासून त्यांच्या निवेदनांत मी 'कृपया' जरा कमी घालू लागलो.

मग आमच्या जिल्हा परिषदेला नव्या अध्यक्ष मिळाल्या. तरुण, शिकलेल्या, गोंदिया शहरातल्या. निवडणुकीच्या दिवसांत त्या आमच्या तलावाच्या पाळीवर आल्या होत्या, साहेबांच्या डबीतला चिखल त्यांनी न लाजता हुंगला होता आणि म्हणाल्या होत्या, "काका, आप चिंता मत करो. खेतीचा सभापती तुमच्या मनासारखाच देऊ." साहेब त्यांच्यासाठी उन्हातान्हात सायकलनं फिरले. आयुष्यात कुणा पुढाऱ्याचा झेंडा हातात न धरलेला माणूस, पण त्या महिन्यात त्यांच्या सायकलला झेंडा होता.

त्या निवडून आल्या आणि साहेब दुकानात हजर झाले. "अभिनंदनाचं लिही. आणि त्यातच आभारही लिही, शेतीचा सभापती चांगला देल्याबद्दल."

"अजून दिला कुठे साहेब?"

"देतील. तू नावाची जागा कोरी ठेव."

मी ठेवली. पन्नास प्रती काढल्या, गावागावात वाटायला. वीस वर्षांत त्यांनी कुणाचे आभार मानल्याचं मी पहिल्यांदाच टाइप करत होतो, आणि खरं सांगतो, मलाही बरं वाटत होतं.

चार दिवसांनी सभापती जाहीर झाले. आमच्याच भागातले, तालुक्यातल्या सगळ्यात मोठ्या कृषी केंद्राचे मालक. बियाणं, खत, कीटकनाशक, तणनाशक, सगळं एका छताखाली. वर्तमानपत्र साहेबांनी माझ्याच काउंटरवर वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून वाचलं. मी म्हटलं, "लिहायचं का काही? या वेळी जसं सांगाल तसंच टाइप करतो."

"नको." पन्नास प्रतींचा गठ्ठा त्यांनी माझ्याकडे सरकवला. "मागून कोरे आहेत. तुले कामी येतील."

त्या दिवशी त्यांनी मला वास घ्यायला सांगितलं नाही. डबी खिशातच राहिली.

पुढे दोन आठवडे ते आले नाहीत. त्यातच बातमी आली की नव्या सभापतींनी आमच्या तलावाखालच्या सगळ्या बांध्यांत तणनाशकाचं मोठं प्रात्यक्षिक ठरवलं आहे, औषध फुकट. आमच्याकडे पाणी एका बांधीतून दुसरीत उतरत जातं, आणि साहेबांची दीड एकर सगळ्यात खाली. वर जे पडेल ते त्यांच्याकडे येणार. वीस वर्षं फवारणीशिवाय जपलेला चिखल एका आठवड्यात जाणार होता. मला राहवलं नाही. दुकानाला कुलूप लावून मी त्यांच्या गावाला गेलो.

ते अंगणात बाजेवर बसले होते. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, चहा दिला आणि डोळ्यांनीच मला खुणावलं, की बोला जरा.

"साहेब, मोर्चा काढू. अध्यक्षांना भेटू. त्यांनी शब्द दिला होता."

"तिनं चुकोलं. बरोबर आहे, राग आहे मले." ते म्हणाले. "पण त्या सभापतीले पहिला पंप कोनं धरून देला, माहीत आहे? शाळा सोडून बापाच्या बांधीत काम करत होता. मी म्हणलो, हुशार आहेस, हे शीक, पैसा आहे याच्यात. शिकला. मी शिकोलेल्यातला सगळ्यात हुशार तो. आता त्याच्या नावानं निवेदन कोनत्या तोंडानं देऊ?"

काकू म्हणाल्या, "मंग जे शिकोले ते तुमीच परत काढा ना. अंगणात बसून कसं निघंल?"

साहेबांनी काकूंकडे असं बघितलं, जसे माझ्या बदललेल्या ओळींकडे बघायचे. दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले आणि त्यांनी सभापतींच्या नावानं एकाच ओळीचं पत्र सांगितलं: 'परवा आमच्या बांधीत बोजारा आहे, जेवायला यावे.'

बोजारा तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. धानाची रोवणी संपते त्या दिवशी मालक रोवणाऱ्या बायांना जेवण देतो. त्याआधी बाया मालकाला धरून चिखलानं माखतात, आणि धुऱ्यावर जो कुणी पाहुणा असेल त्यालाही. त्या दिवशी कुणी रागवायचं नसतं. रागवला तर त्याचं हसं होतं.

सभापती आले. पांढरा सदरा, सोबत दोन कार्यकर्ते आणि एक हार. बोजारा हे निमित्त, जुन्या साहेबांना आपला सत्कार करायचा असावा, अशी समजूत करून हारही त्यांनी स्वतःच आणला होता. गाडीतून उतरून धुऱ्यावर पाय ठेवतात न ठेवतात, तोच दहा-बारा बाया गाणं म्हणत धावल्या. कार्यकर्ते गाडीत पळाले. सभापती उभेच राहिले, कारण पळणं त्यांना शोभलं नसतं. कपाळ, गाल, सदरा, सगळं माखलं. एक म्हातारी म्हणाली, "सभापती झाला तं का झालं, तुह्या मायसंगं रोवलं आहे म्या!" आणि आणखी एक ओंजळ डोक्यावर.

ते हसत होते, पण थोडं अवघडूनच. साहेब, स्वतःही पायापासून डोक्यापर्यंत काळे, त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. या वेळी डबी नव्हती. त्यांनी सभापतींचाच चिखलानं भरलेला हात धरला आणि त्यांच्या नाकापाशी नेला.

"आधी वास घे, मंग बोल."

सभापतींनी वास घेतला. मी अगदी जवळ होतो आणि त्यांचा चेहरा बघत होतो. मला वाटलं, आता हेही माझ्यासारखंच 'येते' म्हणतील. ते म्हणाले, "खेकड्याचा आहे." मग जरा वेळानं, हळू आवाजात, "माय रोवणीहून आली की तिच्या लुगड्याले असाच येत होता."

"तुह्या बांधीतल्या चिखलाले येते का आता?"

सभापती हातावरचा चिखल बोटांनी चोळत राहिले.

"म्या शिकोलो तुले," साहेब म्हणाले. "अर्धंच शिकोलो. माही चूक आहे. उरलेलं शिकाले येशील का?"

"साहेब, दुकान तर बंद करून नाही राहिलो मी."

"कोन म्हणते बंद कर? या तलावाखाली नको, एवढंच मागून राहिलो."

सभापतींनी बाहीनं तोंड पुसलं आणि ते आणखीनच माखलं. "एक हंगाम," ते म्हणाले. "एक हंगाम थांबवतो. पुढचं पुढे." मग ते त्याच अवतारात बायांच्या पंगतीत बसून जेवले, आणि हार शेवटी त्या म्हातारीच्या गळ्यात गेला.

आता तुम्ही म्हणाल, माणूस बदलला. तसं काही झालं नाही. प्रात्यक्षिक दुसऱ्या तलावाखाली झालं, दुकान जोरात चाललं, आणि शब्द दिलेल्या अध्यक्षांना साहेबांनी एक खणखणीत पत्र धाडलंच. त्यात मी एकही शब्द बदलला नाही. पण त्या हंगामात साहेब दुकानात आले की मधूनच सांगायचे, "काल आला होता तो. अर्धा तास धुऱ्यावर बसला. बिळं मोजून राहिला होता." सांगताना डबीच्या झाकणावर बोटांनी ताल धरायचे. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

मळणी झाली. एकदा डबी काउंटरवरच विसरून ते गेले. मी हाक मारली, तर सायकलवरूनच म्हणाले, "राहू दे, उद्या नेतो." दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात उन्हाला बसले होते. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा ते गेलेले होते. तेराव्याला मी डबी घेऊन गेलो, तर काकूंनी ती माझ्या हातात परत दिली. "तुमालेच वास येत होता ना, ठेवा तुमीच." मला मान वर करता आली नाही.

चिखल वाळला, त्याला भेगा पडल्या. मला साहेबांची फार आठवण यायची. एक हंगाम संपला होता आणि 'पुढचं पुढे' आता कोण विचारणार, हीच काळजी होती. यंदा रोवण्या सुरू झाल्या तेव्हा ती वाळलेली डबी मला बघवेना. येता येता रस्त्याकडेच्या एका बांधीतला चिखल घेतला, डबी भरली आणि काउंटरवर ठेवली. चिखल तो चिखल, असं माझं नाक म्हणालं.

दोन दिवसांनी सभापती स्वतः काही कागदांची झेरॉक्स काढायला आले. मशीन चालू होतं. त्यांचं लक्ष डबीकडे गेलं. त्यांनी झाकण उघडलं, नाकाशी नेलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हा साहेबाच्या बांधीतला नोहोय."

मी ओशाळलो. "नाही. रस्त्याकडचा आहे."

"याले काहीच वास नाही." ते डबी खिशात घालून निघून गेले. झेरॉक्स तशीच राहिली.

दुपारी परत आले ते गुडघ्यापर्यंत माखून. डबी काउंटरवर ठेवली, झाकण काढलं आणि माझ्याकडे सरकवली. "यंदाही तिकडे फवारणी नाही," ते म्हणाले, जसं काही कागदांचंच बोलत असावेत.

मी डबी उचलली आणि डोळे मिटले. आधी शाईचाच वास आला. मग त्याच्या खालून काहीतरी आलं, ओलं, कोवळ्या मुळांचं, किंचित माशासारखं.

"येते का?" सभापतींनी विचारलं.

"येते," मी म्हणालो. वीस वर्षांत पहिल्यांदाच खरं बोललो, आणि ते ऐकायला साहेब नव्हते.