कोरडी सुई

आमच्या बैठकीच्या खोलीत टीमचा एक फोटो आहे. सहा खेळाडू, मध्ये साहेब, पुढं स्टुलावर कप. पाहुणे आले की बायको तो दाखवते आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं आत जातो. तिला वाटतं, मला कौतुक सोसत नाही. ज्या माणसाबद्दल आज लिहायला बसलोय, तो त्या फोटोत नाही.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, जिल्हा मुंबई राज्याला जोडला गेला होता. धाराशिवात एका सरकारी खात्यात मला नोकरी लागली. कुठलं खातं ते लिहीत नाही. नवे साहेब खेळाचे शौकीन, त्यांनी व्हॉलीबॉलसाठी म्हणून आम्हा सहा जणांना भरती करून घेतलं. हजेरीपटावर आम्ही हंगामी शिपाई होतो, पण सकाळ-संध्याकाळ ग्राउंडवर. पगार खेळाचा होता. खेळ गेला तर पुढं काय, हे कुणी बोलत नव्हतं.

माझं सगळं भांडवल म्हणजे सर्व्हिस. तेव्हाच्या चेंडूला लेस असायची. चामड्याच्या चेंडूला बुटासारखी चीर, आत रबरी ब्लॅडर. ब्लॅडर फुगवून त्याची नळी दोऱ्यानं बांधायची, दुमडून आत सारायची, वर चामड्याची जीभ ठेवायची आणि बोथट सुईनं लेस ओवून चीर बंद करायची. त्या जागी चेंडू जरा जड व्हायचा. मी लेस पुढं करून, चेंडू गरकन फिरू न देता तळहातानं मारायचो. नेट ओलांडला की तो डुलायचा, मध्येच बाजूला सरायचा. शिवाय घेणाऱ्याच्या बोटांना लेस घासायची ती वेगळीच. तेव्हा त्यात मला काही गैर वाटत नव्हतं.

ही लेस ओवायचे ते मामा. पन्नाशीचे, परांडा भागातले, घराणंच चामड्याचं काम करणारं. विहिरीच्या मोटा, जोडे, लगाम, सगळं शिवलेला हात. निजामाच्या वेळेपासून त्या कचेरीत रोजंदारीवर होते. आमच्या टीमचं सामान त्यांच्या ताब्यात. खेळाडू त्यांना मामा म्हणायचे, पण त्यांच्या मडक्यातलं पाणी कुणी प्यायचं नाही. मीही नाही. ब्लॅडर मात्र ते तोंडानं फुगवायचे आणि तो चेंडू आम्ही सगळे हातात घ्यायचो. मी एकदा हळूच म्हणालो होतो, "मामा, लेस जरा फुगीर ठेवा की."

"किती, दादा? गव्हाच्या दाण्याएवढी?"

"अर्ध्या."

ते हसले. त्या दिवसापासून लेस बरोबर अर्ध्या गव्हाएवढी वर असायची.

मग एका हिवाळ्यात वरून हुकूम आला की यापुढं खात्याचे सामने बिनलेसच्या चेंडूनं होतील. सोलापूरहून खोक्यात एकच चेंडू आला. गोल, गुळगुळीत, कुठं शिवण उघडी नाही. फक्त एक बारीक छिद्र. त्यात पंपाची सुई घालून हवा भरायची. सोबत इंग्रजी कागद होता. हेडक्लार्कनं तो मोठ्यानं मराठीत सांगितला: सुई ओली करावी, सरळ घालावी, सावकाश. कोरडी किंवा वाकडी घातली तर आतलं रबर फाटतं आणि चेंडू कामातून जातो.

मामांचं कामच त्या चेंडूनं संपवलं होतं. पण त्यांनी तो कानाशी धरला, दाबला, नाकाशी नेला. "हुश्शार कारागीर हाय," म्हणाले. "शिकू की. मोट शिवाया शिकलो, ह्ये काय लई अवघड?" तंबाखूच्या रिकाम्या डबीत ओल्या फडक्यात त्यांनी ती सुई ठेवली. दर वेळी कागदात सांगितल्याप्रमाणं, नमाजाला बसल्यासारखे गुडघे टेकून, सरळ घालायचे.

शिकलो नाही तो मी. नव्या चेंडूला जड बाजूच नव्हती. माझी सर्व्हिस नेटवरून गेली की सरळ समोरच्याच्या हातात. आमचा शॉट मारणारा, उमरग्याकडचा, कानडी हेल काढून ओरडायचा, "काय रं, सर्व्हिस हाय का आहेर? नेऊन हातातच देतोयस की!" दुसरा म्हणायचा, "लगीनपत्रिका हाय ती. सहकुटुंब या म्हनतोय." मी हसायचो. दोन महिने रोज शंभर-शंभर सर्व्हिसेस मारल्या, तळहात सुजला, पण चेंडू डुलेना. साहेब एकदा बाजूला उभे राहून बघत होते. काही बोलले नाहीत. न बोलताच गेले, ते जास्त लागलं.

त्या वर्षीचे सामने धाराशिवातच होते. आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या खात्याच्या टीम येणार. यजमान म्हणून चेंडू आमचा. साहेबांनी मामांना सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "सामने नीट पार पडू द्या, तुमची कायमची ऑर्डर मी स्वतः सहीला पाठवतो." इतक्या वर्षांची रोजंदारी संपणार होती. मामांनी पुढचा आठवडाभर जो भेटेल त्याला ते सांगितलं. मलाही सांगितलं, दोनदा.

पहिले दोन सामने आम्ही कसेबसे जिंकलो, माझ्याशिवायच म्हणा ना. शेवटचा सामना दुपारी चारचा. सकाळीच मला कळलं होतं की तो हरलो तर पुढच्या वर्षी माझ्या जागी सर्व्हिसला दुसरा माणूस येणार, त्याचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे.

दुपारी मामा लिंबाखाली भाकरी खायला बसले होते. सामानाच्या खोलीची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला. मी त्यांना म्हणालो, "मामा, गुडघ्याची पट्टी घेतो." ते तोंडात घास असताना म्हणाले, "घ्या की, दादा. विचारता कशाला?"

आत गेलो. डबी उघडली. सुई सदऱ्याला पुसून खडखडीत कोरडी केली, छिद्रात तिरकी घातली आणि पिळली. आत काहीतरी टचकन तुटल्याचं बोटांना कळलं. आवाज झाला नाही. सुई परत ओल्या फडक्यात ठेवली, डबी बंद केली, पट्टी घेतली आणि बाहेर आलो. पट्टी बांधायचं नाटकही त्यांच्यासमोर बसून केलं. त्यांनी मला मिरचीचा ठेचा हवा का म्हणून विचारलं.

चार वाजता चेंडू मऊ पडला होता. मामांनी हवा भरली, पुन्हा मऊ. पुन्हा भरली. पाहुण्या टीम उभ्या, खुर्च्यांवर मोठी माणसं, आणि मामा ग्राउंडच्या मध्ये गुडघ्यांवर. मला वाटलं होतं, चेंडूच खराब निघाला असं ठरेल. सोलापूरच्या दुकानाला शिव्या बसतील, सामना जुन्या चेंडूनं होईल आणि विषय संपेल. इतकाच विचार मी केला होता. खरं सांगतो, इतकाच. पण तो पुरेसा नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं.

साहेब म्हणाले, "काय केलंत हो याला?"

मामा उठले. हात जोडले. "माझ्याच हातनं झालं, साहेब."

मी चमकलो. वाटलं, भीतीपोटी बोलले. जुन्या राज्यातली माणसं, साहेबानं विचारलं की आधी कबूल करायची. मी एक पाऊल पुढं टाकलं असतं तर पुरे होतं. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो.

दोन्ही कप्तानांच्या संमतीनं जुन्या लेसच्या चेंडूनं सामना झाला. त्याची लेस मामांनीच तिथंच बसून ओवली. ती अर्ध्या गव्हाएवढीच वर होती. माझ्या सर्व्हिसेसवर आम्ही जिंकलो. फोटो निघाला. कुणीतरी मला खांद्यावर घेतलं.

मामांची ऑर्डर गेली नाही. 'नव्या सामानाची समज नाही' असा शेरा पडला आणि त्यांच्या जागी एक मॅट्रिक झालेला माणूस आला. मामा गाठोडं घेऊन गेले त्या दिवशी मी रजेवर होतो. रजा मुद्दाम घेतली होती.

पुढच्या वर्षी नवाच चेंडू होता, आणि सर्व्हिसला नवा माणूस. पण तोवर मी कायम झालो होतो. मला टपालाच्या टेबलावर बसवलं. आजही मी तिथून फार लांब गेलेलो नाही.

मधे सात-आठ वर्षं गेली. सासुरवाडीचा नवस होता म्हणून सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला गेलो. देवळाबाहेर माकडांनी बायकोच्या हातातला नारळ ओढला, त्या धावपळीत माझ्या चपलेचा अंगठा तुटला, दुसरीचा पट्टाही उसवला. बायको दुसरा नारळ घ्यायला गेली. कडेला पोतं टाकून एक म्हातारा बसला होता, त्याच्यापुढं दोन्ही ठेवून शिवायला सांगितल्या. त्यानं आवाज ओळखून, वर न बघताच विचारलं, "सर्व्हिस अजून करता का, दादा?"

मामा होते. मी समोर खाली बसलो.

मामा एक चप्पल शिवत बोलत होते. गावातल्या मोटा आता दुसरीकडं शिवायला जातात. मामांनीच त्या घेणं सोडलं होतं. "मोट पानी धरंल का न्हाय, ह्याची फिकीर वाटती. माझ्या हाताला आता यश न्हाय. फकस्त जोडे शिवतो, जोडा गळला तरी कुनाचं पीक जळत न्हाय."

"असं का म्हणता?"

"तो बॉल म्याच घालवला न्हवं का." मग आवाज उतरवून म्हणाले, "तवा सांगितलं न्हाय कुनाला. तुमची सर्व्हिस त्यावर चालंना. म्या बगत हुतो, हात सुजला हुता तुमचा. म्हनून आदल्या दिवशी त्याला एका अंगाला तेल चोळलं. चामडं तेल पितं, जड हुतं. म्हनलं, डुलंल. तेच तेल आत रबराला लागलं असनार. तेल रबराला खातं, मला ठावं पायजे हुतं."

ते माझ्यासाठी केलं होतं त्यांनी. आणि त्यासाठी इतकी वर्षं स्वतःच्या हाताला दोष देत होते.

मी सांगितलं. शब्द जुळवले नाहीत. पट्टी घ्यायला आत गेलो तेव्हा मीच सुई घातली, म्हणालो.

त्यांचा टाका अर्ध्यात थांबला. "कोरडी?"

"कोरडी. पुसून."

"वाकडी?"

"व्हय."

 ते स्वतःचा उजवा हात उलटा-सुलटा करून बघत राहिले, नुकताच कुणीतरी परत आणून दिल्यासारखा. मग हातातली चप्पल पुरी केली, टाका पक्का केला, दोरा दातानं तोडला आणि माझ्यापुढं ठेवली. दुसरी तशीच होती, उसवलेली. ती त्यांनी उचलली आणि शिवलेलीच्या शेजारी नीट जोडीनं ठेवली.

"ही दुसरीकडनं शिवून घ्या," म्हणाले.

मी खिशात हात घातला. त्यांनी बघितलंही नाही. त्यांनी पलीकडं उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हाक मारली, "पाव्हणं, त्या दिशी मोटंचं इचारत हुता न्हवं? आना, बगू."

मी एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन एस.टी.कडं निघालो. बायकोनं विचारलं, "दोन्ही का नाही शिवल्या?"

मी म्हणालो, त्यांच्याकडं वेळ नव्हता. तेही खोटंच सांगितलं.