आईची हरकत

माझं तोंड फटकळ आहे, हे गावात कोणालाही विचारा. तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि एसटीच्या कंडक्टरपासून शिक्षणाधिकाऱ्यापर्यंत कोणाची भीड ठेवली नाही. आई म्हणायची, "देवाने हिला तोंड दिलं, त्याला कडी लावायची तेवढी विसरला." अशी मी लागोपाठ तीन रविवार उपासनेत गप्प बसले, त्याची ही हकिगत आहे.

आमची ख्रिस्ती मंडळी बावीस घरांची. दिवेआगरला जाणारे पाहुणे आमच्या चर्चवरूनच जातात, पण त्यांना ते दिसत नाही, कारण समोर शहाळ्यांची गाडी लागते. चक्रीवादळात वाड्यांतल्या सुपाऱ्या झोपल्या आणि चर्चची निम्मी कौलं उडाली. ज्या मोठ्या संस्थेखाली आमची मंडळी येते, तिला आम्ही कळवलं. संस्थेने फोटो मागवले, मग अर्ज मागवला, मग तोच अर्ज वेगळ्या नमुन्यात मागवला. दोन पावसाळे आम्ही निळ्या ताडपत्रीखाली देवाची स्तुती केली. शेवटी आपल्याच माणसांनी वर चढून पत्रे ठोकले. ते ठोकून झाल्यावर संस्थेचं पत्र आलं, विनापरवानगी दुरुस्ती का केली, खुलासा करा.

त्या पत्राने सगळ्यांचं डोकं फिरलं, माझंही फिरलं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, आणि पाच पंच बसले आणि त्यांनी ठराव लिहिला, की आपण या संस्थेतून बाहेर पडावं आणि स्वतंत्र मंडळी म्हणून राहावं. इमारत संस्थेच्या नावावर, मागची दफनभूमीही तिच्याच नावावर. पंच म्हणाले, मंडळी म्हणजे काही भिंती नव्हेत. ऐकायला छान वाटलं. भिंतींच्या मागे कोण झोपलंय, ते कोणी काढलं नाही.

आता आमची पद्धत सांगायला हवी. आमच्यात लग्न ठरलं की तीन रविवार ते उपासनेत जाहीर होतं आणि पाळक विचारतात, कोणाची हरकत असेल तर सांगावी. कोणी काही बोललं नाही की लग्न पक्कं. जुन्या लोकांनी मंडळीच्या सगळ्याच निर्णयांना हीच पद्धत लावून दिली. हात वर करणं ग्रामपंचायतीत, त्याने घरं फुटतात, असं ते म्हणत. याच रीतीने आम्ही हार्मोनियम घेतला, उपासनेची वेळ बदलली, एका पाळकांना निरोपही दिला. हरकत मात्र माझ्या आठवणीत कोणी घेतली नव्हती. मांडवात उभं राहून हे लग्न होऊ नये म्हणण्यासारखंच ते वाटायचं.

ठराव पहिल्यांदा वाचला त्या रविवारी घरी येऊन मी आईला सांगितलं. खुबा मोडल्यापासून ती दीड वर्ष खाटेवर होती. बाबांच्या शेजारची जागा तिची होती. बाबांना माती दिली तेव्हाच तिने जांभ्याचे चिरे लावून ती आखून घेतली होती. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "त्यांना जायचंय तिकडे जाऊ देत. माझी जागा तिथे हाय. मला उठता येत न्हाय, तर माझ्या वाटचं तू उठ. हरकत हाय म्हण, बस. भाषण नको ठोकू."

दुसऱ्या रविवारी मी उठायचं ठरवूनच गेले होते. पाळकसाहेबांनी ठराव वाचला, हरकत विचारली आणि थांबले. पलीकडे पुरुषांच्या बाजूला आमच्यातले सगळ्यात वयस्क पंच, सगळ्यांचे काका, बसले होते. ठराव लिहायला तेही होते, पण त्यांची बायको बाबांपासून चार पावलांवर पुरलेली. मला वाटलं, काका उठतील, मग मागोमाग आपण उठू. काकांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. तेवढ्यात पुढचं गीत सुरू झालं.

तिसऱ्या रविवारी सकाळी पाळकीणबाई आल्या. दर रविवारी उपासनेआधी येऊन त्या आईची वेणी घालायच्या. त्या दिवशी त्यांनी अंगणातली अबोली आणून तिच्या केसात माळली. जिने आता आईचे केस विंचरले, तिच्या नवऱ्याला तासाभरात चारचौघांत नाही म्हणायचं? मी आयुष्यभर भांडले ती परक्यांशी. आपल्या माणसांसमोर तोंड उघडायची मला सवयच नव्हती, हे मला त्या बाकावर बसल्यावर कळलं. पाळकसाहेबांनी विचारलं, "कोणाची हरकत?" मी पुढच्या बाकाची पाठ धरली. उठले नाही. कोणीच उठलं नाही. ते म्हणाले, "आमेन," आणि आम्हीही म्हणालो.

घरी आले तर आई वाटच बघत होती.

"घेतलीस?"

"घेतली."

"मग?"

"मग काय, त्यांच्याकडे माणसं जास्त होती."

तिने माझा हात थोपटला. म्हणाली, "असू दे. तू बोललीस ना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण खरं सांगायचं धाडस झालं नाही.

त्यानंतर जो येईल त्याला ती सांगू लागली, माझ्या लेकीने हरकत घेतली हो, एकटीने घेतली. ऐकणारे सगळे त्या दिवशी तिथे हजर होते. ते माझ्याकडे बघायचे आणि चहा प्यायचे. काका आले तेव्हा तिने त्यांनाही विचारलं, "खरं ना हो भावजी?" काका म्हणाले, "व्हय वहिनी. अगदी ठणकावून बोलली." या म्हाताऱ्याने चर्चमध्ये तोंड उघडलं नाही आणि माझ्यासाठी इथे खोटं बोलला, म्हणून मला त्याची चीड आली आणि रडूही आलं.

चर्चच्या चाव्या आम्ही देऊन टाकल्या. संस्थेने पुढच्या दाराला आणि दफनभूमीच्या फाटकाला आपली कुलपं घातली. आमची उपासना एका होमस्टेच्या पडवीत भरू लागली. पाहुण्यांचा नाश्ता आटोपला की आम्ही टेबलं सरकवायचो. प्रार्थनेच्या मध्येच कोणीतरी येऊन गरम पाणी कुठे मिळेल म्हणून विचारायचं.

पुढच्या उन्हाळ्यात एका गुरुवारी सकाळी आई गेली. मी बर्फाच्या लाद्या मागवल्या आणि संस्थेच्या ऑफिसात फोन लावला. तिथला माणूस सभ्य होता. त्याने आधी दुःख व्यक्त केलं, मग नियम सांगितला. दफनभूमी फक्त सभासदांसाठी. "पण ज्यांनी तुमच्या सभेत हरकत नोंदवली असेल, त्यांचं कुटुंब आम्ही सभासदच धरतो. तुमच्या पंचांनी पाठवलेलं इतिवृत्त माझ्यासमोर आहे. तुमची हरकत होती का?"

त्याने कागद उलटल्याचा आवाज आला. मग हळूच वाचलं, "तिन्ही वेळा कोणाचीही हरकत आली नाही."

मग मात्र मी त्याला वाट्टेल ते बोलले. मेलेल्या माणसाला कसली सभासदत्वं लावता, विचारलं. कौलांपासून सगळं काढलं. तेव्हा माझं तोंड कसं अगदी व्यवस्थित चाललं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पुन्हा दुःख व्यक्त केलं.

माणगावच्या एका मंडळीने दया केली आणि आपल्या दफनभूमीत कुंपणालगतची जागा दिली. आईला तिथे माती दिली. बाजूच्या हायवेवर ट्रकांची रांग लागली होती, त्यामुळे शेवटची प्रार्थना कोणाला नीट ऐकू आली नाही. सगळे मूठमूठ माती घालून बाजूला झाले, तेव्हा काका माझ्याजवळ आले.

"बाय, त्या दिवशी मी तुझ्याकडेच बघत होतो. म्हटलं, ही बोलणार. तू उठली असतीस तर मी पण उठणार होतो. माझी बाई तिथेच हाय ना."

"काका," मी म्हटलं, "मी तुमची वाट बघत होते."

परतताना टेम्पोत आणखी दोघी तेच म्हणाल्या. एकीचा मुलगा तिथे आहे, एकीचे सासूसासरे. दोघींनाही वाटलं होतं, की बाई बोलतील, त्यांना बोलायची सवय आहे. पाळकसाहेब पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. ते मागे न वळता म्हणाले, "मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना जायचंय. एक जण जरी उठला असता तर मी तो कागद तिथेच फाडला असता."

गाडी म्हसळ्याच्या पुढे घाटात होती. आईला माणगावात ठेवून आम्ही सगळे घरी चाललो होतो.