तांबडा दिवा

"मालवला होतास का नाही, तेवढंच सांग."

काकूंचं नुकतंच लग्न झालं होतं. त्या स्वयंपाकघरात पडद्याआड उभ्या होत्या, हातात पातेल्याचं झाकण. बाहेरच्या खोलीत त्यांचा नवरा आणि थोरले दीर. दीर म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यातले मुकादम. एरवी मोठ्यानं न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज फाटला होता.

"दादा, मला वाटतं मालवला होता."

"वाटतं? वाटण्यावर शेड चालते का? भट्टीवरचा तांबडा दिवा पेटलेला म्हणजे आत वीज खेळतेय, हे पोराटोरांना कळतं. रखवालदार आत झोपला होता रे! माणूस गेला! घरी नवी बायको वाट बघतेय म्हणून पायाला भिंगरी लावून पळालास. खरं का खोटं?"

काकूंच्या हातातलं झाकण गार होतं तरी त्यांना चटका बसल्यासारखं झालं.

"आजपासून पाळी संपली की शेडची किल्ली माझ्या घरी आणायची," दीर म्हणाले. "दाराबाहेर खिळा आहे, त्याला लावायची. आणि लावताना तोंडानं सांगायचं, दादा, मालवला. मी आत असो नाहीतर नसो."

भांडण तिथंच संपलं. त्या घरात त्यावर पुन्हा कुणी चकार शब्द काढला नाही. दिवा खरंच चालू राहिला होता की आग दुसऱ्याच कशानं लागली, हेही कधी कळलं नाही. जळक्या शेडच्या जागी दुसरी शेड उभी राहिली. काकांची नोकरी टिकली ती भावाच्या शब्दाखातर.

त्यानंतर काका जे बदलले ते बदललेच. कारखाना सुटायच्या वेळी सगळे डबे उचलून दाराकडे धावायचे आणि हा माणूस उलटा आत जायचा. एकेका बटणावर हात ठेवायचा, भिंतीला तळवा लावून बघायचा. कारखान्यातल्या लोकांनी त्यांचं नाव ठेवलं विझवे. पुढे गल्लीतही तेच चाललं. खरं आडनाव फक्त विजेच्या बिलावर उरलं. कुणाच्या घरी बसायला गेले की उठताना तिथला पंखा बंद करून यायचे, खाली माणसं बसलेली असली तरी. एकदा मुलीच्या शाळेतल्या नाटकात मध्यंतर झालं, तर यांनी उठून रंगमंचाचे दिवे घालवले.

"अहो, तुम्ही एक दिवस मलाच बंद करून जाल," काकू म्हणायच्या.

"तुझं बटण सापडलं असतं तर कधीच केलं असतं," काका म्हणायचे.

असा संसार. थट्टेत, बरा. फक्त संध्याकाळी ते भावाच्या घरी किल्ली लावायला निघाले की काकू थट्टा करायच्या नाहीत. काकांच्या चेहऱ्यावर तेव्हा असं काही यायचं, की जणू खिळ्यापाशी कुणीतरी त्यांची झडती घेणार आहे.

दीर गेले. त्यांचं घर विकलं गेलं, तिथं औषधाचं दुकान आलं. काका निवृत्त झाले. नव्या शेडची किल्ली त्यांनी कारखान्यात जमा केली, पण जळक्या शेडची जुनी किल्ली मागायला कोण येणार? ती राहिली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. धुवायला टाकताना काकू काढून ठेवायच्या आणि वाळल्यावर परत घालायच्या. विचारलं नाही कधी.

मग काकांच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळायला लागली. आधी नावं गेली, मग वार. भाजी चिरता चिरता काकूंच्या लक्षात यायचं की हा माणूस आपल्याकडे पाहुण्यासारखा बघतोय. आणि एका दुपारी काकू डोळा लागून उठल्या तर दार सताड उघडं. सगळी गल्ली शोधायला निघाली. काका सापडले कालव्याच्या मोडक्या पुलावर. त्या पुलाचे कठडे कधीच वाहून गेले होते, पलीकडे आता बंद पडलेल्या कारखान्याची मोकळी जागा. पाणी तुडुंब होतं. काका मधोमध उभे राहून म्हणत होते, "अजून बंद झालं नाही. कुणी बंदच केलं नाही."

लेक दुसऱ्या गावाहून धावत आली. रडली, मग कामाला लागली. घरात इंटरनेट घेतलं. राउटर नावाचा एक डबा बैठकीच्या खोलीत फळीवर बसला. चौकटीला काडेपेटीएवढी डबी चिकटली. दार उघडलं की ती डबी राउटरला सांगणार, राउटर इंटरनेटवरून लेकीच्या मोबाईलला सांगणार आणि लेक आईला फोन करून उठवणार.

"आणि आई, पुन्हा असं झालं ना, तर मी बाबांना तिकडे ठेवणार. माझ्या घराजवळ आहे तसली जागा. दारं बाहेरून बंद असतात, नर्स असते. तुझ्याच्यानं होत नाही आता."

"ते काय कपाट आहेत, बाहेरून बंद करायला?" काकू म्हणाल्या. पण पूल डोळ्यासमोरून हलत नव्हता, आणि आता ती बाहेरून बंद होणारी दारंही हलेनात.

राउटरनं थोडे दिवस सुखानं काढले. मग दुपार झाली की नेट जायला लागलं. लेकीचा फोन यायचा.

"आई, डबी गप्प आहे. राउटरवर दिवा कुठला?"

"तांबडा."

"हिरवा हवा. मोबाईलवर वायफाय दिसतंय का?"

"ते पंख्यासारखं दिसतंय, भरलेलं. पण शेजारी एक काठी आहे आणि खाली टिंब."

"म्हणजे राउटरपर्यंत सगळं ठीक आहे, पुढे बाहेरचं येत नाहीये."

काकूंनी काकांकडे बघितलं. हे दुखणं त्यांना ओळखीचं होतं. इथंही दिवे लागलेले होते, पण बाहेरचं आत पोचत नव्हतं.

"राउटरवर काही झाकलंयस का? तापतो तो."

"छे." काकूंनी दोऱ्यानं विणलेला रुमाल हळूच ओढून घेतला.

"आत्ता काढलंस ना?"

"तुला तिथून दिसतं का गं सगळं?"

मागची वायर काढून घालून झाली, कुठंही सैल नव्हती. बटण बंद करून, दमानं थांबून पुन्हा चालू करून झालं. मागं टाचणीनं दाबायचं एक भोक होतं. त्याला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद मिळाली, म्हणून काकू ते पुसायलासुद्धा जात नव्हत्या. लेक फोनवर असली की अर्ध्या वेळा दिवा तांबडाच राहायचा. आणि काकू दुपारी पडून उठल्या की राउटर काळा ठिक्कर असायचा. भिंतीवरचं बटणच बंद. चालू केलं की थोड्या वेळात हिरवा. पुसताना आपलाच हात लागत असेल, असं काकूंनी मनाशी धरलं. लेकीनं मात्र कंपनीत तक्रार केली.

मग शिडीवाला आला. गल्लीत सगळ्यांच्या इंटरनेटची दुरुस्ती तोच करायचा, आणि माणसाआधी त्याची शिडी दारात शिरायची. राउटर उलटासुलटा केला, आपल्या यंत्राला वायर लावून बघितली, मग बाहेरच्या भिंतीवर चढला.

"काकू, तुमचा राउटर ठणठणीत आहे," तो वरून ओरडला. "इथला जोड सैल आहे. दुपारी ऊन आलं की सुटतो, ऊन गेलं की आपसूक धरतो. बदलून देतो." खाली उतरून हात पुसत म्हणाला, "पण दुपारी बटण कोण बंद करतं? राउटरमध्ये दिसतंय, रोज बंद होतो."

"मी तर झोपलेली असते."

दोघांनी काकांकडे बघितलं. काका फळीसमोर खुर्चीत ताठ बसले होते. नजर तांबड्या दिव्यावर.

"असलं तांबडं चालू सोडून कोणी घरी जातं का?" त्यांनी शिडीवाल्याला दरडावून विचारलं. "माणूस आत असतो."

शिडीवाला हसला. "काका, आता तांबड्याची कटकटच मिटली. कायमचा हिरवा."

काकूंना हसू आलं नाही. का, ते त्यांना उमगेना.

आणि दिवा खरंच हिरवा राहिला. सकाळ, दुपार, संध्याकाळ, हिरवा. लेक खूश. पण काकांची घडी विस्कटली. पूर्वी संध्याकाळ झाली की ते गादीवर अंग टाकायचे आणि घोरायला लागायचे. आता आडवे होईनात. खुर्चीतून उठायचे, भिंतीला तळवा लावायचे, परत बसायचे. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, "पाळी कुठं सुटलीय?" ताट तसंच. गालफडं बसली, डोळे खोल गेले. आणि दाराच्या डबीमुळे लेकीचे फोन वेळी-अवेळी यायला लागले. एकदा गल्लीच्या टोकाला गाठले. एकदा कालव्याच्या रस्त्यावर. एकदा तर पुलाच्या पहिल्या फळीवर एक पाय होता.

"आई, आता सगळं मला इथं दिसतंय," लेक फोनवर म्हणाली. "नेट नीट झालं म्हणून कळलं तरी. मी उद्या येते. गाडी ठरवलीय. बाबांचे कपडे भरून ठेव."

"अगं, आधी असं नव्हतं."

"आधी नेटच नव्हतं, आई. तुला कळत नव्हतं एवढंच."

काकूंनी पिशवी काढली. सदरे घड्या घालून ठेवले. काकांच्या गोळ्या बरोबर द्यायला हव्यात म्हणून काकांचा हात धरून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेल्या. गोळ्या कागदात बांधता बांधता दुकानदार म्हणाला, "काका हल्ली किल्ली लावायला येत नाहीत. बरं नाही का?"

"कसली किल्ली?"

"रोज दुपारी यायचे की! बाहेर भिंतीत तो जुना खिळा आहे ना, त्याला किल्ली लावायचे, काहीतरी पुटपुटायचे आणि सरळ घराकडे. सकाळी तुम्ही शेजारी दूध घेत असायचात तेव्हा काढून न्यायचे. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

सकाळी काका भिंतीला टेकून उभे राहतात, दमत असतील, असं काकू समजत होत्या.

घराकडे येताना त्यांना एकेक उलगडत गेलं. रोज दुपारी, आपण घोरत असताना, हा माणूस तांबडं दिसलं की उठत होता. राउटर बंद करत होता, म्हणून डबी गप्प, म्हणून लेकीला पत्ता नाही. किल्ली लावून, सांगून, सुखरूप परत येत होता. कालव्याकडे मान वळवून बघतसुद्धा नव्हता. तांबडं होतं म्हणून मालवता येत होतं. आता मालवायला घरात काही उरलं नाही, म्हणून ती जुनी शेड त्यांना पुलापलीकडे बोलावत होती. आणि आपण तक्रार करून, माणूस बोलावून, जोड बदलून घेतला.

उद्या लेक येणार होती. ती आलीही, पण तिनं ठरवलेली गाडी रिकामीच परत गेली, आणि भरलेली पिशवी तिच्या बाबांच्या काही कामाची उरली नव्हती. आदल्या दुपारी किल्ली लावायला गेले ती काकांची शेवटची खेप; रात्रीतून ते गेले. पण त्या दुपारी हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

काकूंनी काकांना खुर्चीत बसवलं. फळीपाशी गेल्या. लेकीनं शिकवलेलं सगळं त्यांच्या ध्यानात होतं, फक्त आज उलटं करायचं होतं. राउटरच्या मागची बाहेरून येणारी वायर त्यांनी चिमटीत धरली, खालची कळ दाबली आणि ओढली. हिरवा दिवा लुकलुकला, थोडा वेळ चाचपडला आणि तांबडा झाला.

फोन वाजला.

"आई, डबी बंद का? नेट गेलं का पुन्हा? दिवा कुठला आहे?"

"तांबडा."

"अगं मग बंद करून चालू कर!"

"करतायत तुझे बाबा बंद," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

काका उठले होते. पाठ सरळ झाली होती, कारखान्यात असायची तशी. त्यांनी पंख्याचं बटण घालवलं, दिव्याचं घालवलं, मग राउटरचं. भिंतीला तळवा लावून उभे राहिले. भिंत गार आहे, अशी खात्री पटल्यावर त्यांनी मान डोलावली. चपला घातल्या, डावीची पट्टी नीट केली. खिशावर हात ठेवून किल्ली चाचपली. दार उघडलं. डबी गप्प राहिली.

काकू चार हात मागं राहून चालत होत्या. काकांनी मागं वळून बघितलं नाही. गल्लीच्या तोंडाशी एक रस्ता कालव्याकडे जात होता. काकूंनी पदर मुठीत आवळला. काका त्या रस्त्याच्या तोंडाशी थांबलेसुद्धा नाहीत. कोपरा आला. दुकानदारानं आतून बघितलं. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं, तसा तो गप्प राहिला.

काकांनी किल्ली काढली. गंजलेली, दातांपाशी अजून काळी. पहिल्या खेपेला नेम चुकला, दुसऱ्या खेपेला किल्ली खिळ्याला बरोबर बसली. हलली, भिंतीवर टकटकली, स्थिर झाली.

"दादा, मालवला," काका म्हणाले.

उत्तर यायला जेवढा वेळ लागेल तेवढा ते थांबले. मग वळले.

"तू कशाला आलीस?" त्यांनी काकूंना ओळखून विचारलं. "येतच होतो की घरी."