कोपऱ्यातून बघणारे सर

एक्स-रे वाचणारे डॉक्टर जगात पुष्कळ असतील, पण लग्नाच्या मांडवात दुसऱ्यांच्या फोटोचं निदान करणारा डॉक्टर एकच झाला, आणि तो धंतोलीतल्या दवाखान्यात माझा साहेब म्हणून माझ्या वाट्याला आला. कुठलंही चित्र चारही कोपऱ्यांतून बघत बघत शेवटी मधोमध यायचं, हा सरांचा धर्म होता. प्रताप नगरातल्या एका लग्नात दाराशी नवरानवरीचा साखरपुड्याचा भलामोठा फोटो लावला होता. सरांनी त्या दोघांकडे ढुंकूनही न बघता कडेला उभ्या असलेल्या काकांवर बोट ठेवलं. "हे कोन होय? यायचा खांदा वर जात नाही." काका शोधून आणले. सहा महिने त्यांच्या हाताला स्वतःचा भांग पाडता येत नव्हता! सरांनी तिथेच, अक्षता हातात धरून, त्यांना व्यायाम शिकवला.

आम्ही नवे रेडिओलॉजिस्ट त्यांना जाम घाबरायचो. 'नॉर्मल' हा शब्द लिहायची परवानगी सहजी मिळत नसे. एकदा मी फिल्म धरून म्हणालो, "सर, यात काहीच नाही."

"काहीच नाही? मंग पेशंट कुठी गेला गा?"

पण भुकेल्या पोटी रिपोर्ट लिहू देत नसत. आधी स्वतःच्या डब्यातली भाकरी मोडून आमच्या हातावर ठेवायचे आणि आम्ही ती चावत असतानाच आमची अक्कल काढायचे.

मला रुजू होऊन दोन महिने झाले होते. बैलगाडीवरून पडलेल्या एका माणसाच्या खांद्याचा एक्स-रे आला. गळ्याजवळचं हाड असं सुरेख मोडलं होतं की मी हरखूनच गेलो. झोकात रिपोर्ट लिहिला. संध्याकाळी सरांनी शिरस्त्याप्रमाणे आमच्या सगळ्या फिल्म पुन्हा पाहिल्या आणि त्या फिल्मच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढा डाग दाखवला. फुप्फुसातला. हाड सापडल्याबरोबर माझे डोळे घरी गेले होते.

पेशंट वणीच्या गाडीला निघून गेला होता. सरांनी स्कूटर काढली. स्टँडवर पोचल्यावर त्यांनी विचारलं, "दिसाले कसा हाय तो?" मला सांगता येईना. मी त्याचं हाड पाहिलं होतं, चेहरा कुठे पाहिला होता! मग आम्ही दोघे गळ्यात हात बांधलेला माणूस शोधत गाड्यांमधून फिरलो. एका आजीबाईंना तर मी जवळजवळ खाली उतरवलंच. "मले काहून उतरवून राह्यला रे? माह्या हाताले पंधरा दिवस झाले!"

शेवटी तो सापडला, खिडकीशी. सर मागे सरले. "सांग त्याले. तुह्या तोंडानं सांग."

मी सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "चुकलं त चुकलं डाक्टरसायेब, लगेच धावत त आले." आणि गाडीतून उतरला. टीबी निघाला. औषधं पूर्ण केली, बरा झाला.

मी मात्र दुसऱ्या दिवशी राजीनामा घेऊन गेलो. सरांनी तो वाचला नाही. कपाट उघडून स्वतःच्या चुकलेल्या फिल्मचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. "ह्या माह्या हायेत. आधी ह्या पाह्य, मंग जा." संध्याकाळपर्यंत आम्ही त्या बघत बसलो. जायचं राहूनच गेलं.

आता सर बेसाला मुलाकडे असतात. डोळ्यांचे पडदे गेले, त्यांना माणसांच्या सावल्याच तेवढ्या दिसतात. माझ्या हाताखाली आता तिघं नवे आहेत. ते माझ्या भरवशावर असतात, आणि मी कोणाच्या भरवशावर आहे हे त्यांना माहीत नसतं.

परवा एका फिल्मवर अडलो. सरांना फोन लावला, सगळं वाचून दाखवलं.

"तुले काय वाटते?"

मी सांगितलं.

"मंग बरोबरच असंन. लिहून टाक."

फोन ठेवला. रिपोर्ट समोर होता, पेन हातात होतं. सही काही होईना. मला त्यांच्याकडून चूक काढून हवी होती.