पोस्टातले खेळ आणि इस्माईल

हे किस्से मला नीट आठवतात, की सांगून सांगून मीच ते घासूनपुसून ठेवलेत, कोण जाणे. अर्थशास्त्रात पीएच.डी. करून पोस्टाच्या हिशेबात आयुष्य घालवलेल्या माणसाचा स्वतःवर फारसा विश्वास उरत नाही. पण खेळांचा विषय निघाला की अजून डोकं तापतं. तेव्हा मूळ गोष्टी तरी खऱ्याच असाव्यात.

*

साताऱ्याच्या आमच्या ऑफिसात दुपारी कॅरम चाले. साहेबांचा स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेला तरी फाऊल नसे. एकदा मी चाचरत म्हणालो, ‘‘साहेब, ड्यू बसतो.’’

‘‘बोर्ड तिरका आहे!’’

दुसऱ्या दिवशी कुणीतरी साहेबांच्या शब्दाला मान म्हणून एका कोपऱ्याखाली पुठ्ठा सरकवला. तेव्हापासून बोर्ड खरोखरच तिरका झाला!

*

रस्सीखेचीला सांगलीला गेलो. आमचा सगळा संघ फौजेतून निवृत्त होऊन पोस्टात लागलेल्यांचा. म्होरके शिंदे नाना.

सांगलीकर ओरडले, ‘‘हे पोस्ट हाय का पलटण रं?’’

नाना म्हणाले, ‘‘गड्या, तुमी बी भरती व्हायचं हुतं की!’’

जिंकलो. ढाल साहेबांच्या केबिनमध्ये कुलपात गेली. रस्सीला त्यांचं बोटही लागलं नव्हतं!

*

इस्माईल मूळचा पलूसचा, साताऱ्यात पोस्टमन. सायकलवर त्याच्यासारखा गडी सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत नव्हता. त्याला आयुष्यात एकच हवं होतं, राज्याच्या संघात निवड. निवडीच्या शर्यतीच्या सरावासाठी त्याने सकाळची सूट मागितली.

साहेब म्हणाले, ‘‘दिवसभर सायकलच तर चालवतोस. सरकार तुला सरावाचा पगार देतंय!’’

त्याच शर्यतीसाठी साहेबांच्या भाच्याला, तोही आमच्याच ऑफिसात, मात्र खास रजा! मी कारण विचारलं.

‘‘त्याचं काम टेबलावरचं. त्याला सरावाची गरज आहे.’’

यात चूक कुठे आहे ते मला घरी पोचल्यावर सुचलं.

*

निवडीची शर्यत साताऱ्यातच होती, सगळी व्यवस्था साहेबांकडे. शिकलेला माणूस म्हणून स्टॉपवॉच माझ्याकडे, रस्ता दाखवणाऱ्या झेंड्या लावायचं काम नानांकडे. दरवर्षी गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर होणारी शर्यत त्या सकाळी गावातून वळवलेली. मी मागे स्कूटरवर.

इस्माईल सगळ्यांच्या पुढे. एका गल्लीत शिरला, तोच दारातून म्हातारीने हाक मारली, ‘‘आवं पोस्टमन, माजं काय आलंय का?’’

त्याचा पाय जमिनीला टेकला. ‘‘न्हाई आजी. उद्या बघतो.’’

पॅडल मारलं, तर पुढच्या दारात दुसरी. मग तिसरी. भाचा सुसाट निघून गेला.

‘‘अरे, थांबलास कशाला?’’ मी जवळजवळ रडकुंडीला आलो होतो.

‘‘सर, रोज वाट बघत्यात. माणूस दारात उभं असताना पोस्टमन तसाच कसा जाईल?’’

साहेबांनी निकालात सांगितलं, ‘‘खेळाडूवृत्तीचा अभाव!’’ भाचा राज्याच्या संघात गेला. इस्माईल पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही.

मला संशय आला होता. पण पुरावा नव्हता, आणि आपलं डोकं नेहमी वाकड्यातच शिरतं, असं म्हणून मी गप्प बसलो.

गेल्या वर्षी मिरजेला हॉस्पिटलात नाना भेटले. लय थकलेत. मी शर्यतीच्या झेंड्यांचं विचारलं.

‘‘आदल्या दिवशी साहेबांनी एकच इचारलं,’’ नाना म्हणाले, ‘‘‘इस्माईल टपाल कुठल्या गल्लीत वाटतो?’ मी सांगितलं. म्हनाले, ‘झेंड्या तिथनं लावा.’’’