दार लावून चहा

पारनेरच्या आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत सगळे शिक्षक एकत्र चहा प्यायचे. नवे मुख्याध्यापक आले आणि एकेकाला ऑफिसात बोलावून, दार लावून चहा पाजायला लागले. माझी पाळी आली तेव्हा म्हणाले, “बाई, बाकीचे माझ्याबद्दल काय बोलतात?”

“काही नाही, सर.”

त्यांना पटलं नाही. मी बाहेर आले तर शेजारच्या वर्गाच्या बाई उभ्याच. “काय सांगून आलात आत?”

“काही नाही,” म्हटलं. त्यांनाही पटलं नाही. असा संताप आला! पण दुसऱ्या दिवशी त्या आत गेल्या, तेव्हा माझेही कान दाराकडेच.

मग स्टाफरूममध्ये कुणी तोंडच उघडेना. प्रयोगशाळेच्या छताचं प्लॅस्टर सुटलंय, हे सगळ्यांना दिसत होतं. पण सांगायला आत जायचं, म्हणजे चुगलखोर ठरायचं. एका रविवारी ते बाकांवर कोसळलं. नशीब, मुलं नव्हती.

सोमवारी सरांनी पहिल्यांदाच सगळ्यांना एकत्र बसवलं. “मला कुणीच कसं सांगितलं नाही?”

तेवढ्यात शिपायाने सगळ्यांसाठी चहा आणला. कपाला कुणी हात लावला नाही.